दंडातली काडी: तीन वर्षं दोन महिन्यांचा माझा हिशेब

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी ती काडी चिमट्यात धरून माझ्यासमोर आणली. "मोजून घ्या. चार सेंटिमीटर भरते ना? तुकडा आत राहिला नाही, हे तुमच्याच डोळ्यांनी बघा." ट्रेमधल्या पट्टीला त्यांनी ती लावून दाखवली. भरली. जाडीला उदबत्तीच्या काडीएवढी, पांढरी, बोटाने वाकवली तर वाकणारी. मे २०२१ ते जुलै २०२४ ती माझ्या डाव्या दंडात, कातडीच्या लगेच खाली होती.

ही पाळणा लांबवायची काडी. डॉक्टर तिला इम्प्लांट म्हणतात. आपल्याकडे तांबी सगळ्यांना ठाऊक, ऑपरेशन ठाऊक, माला-डी ठाऊक. दंडात काडी बसवतात म्हटलं की समोरची बाई आधी माझ्या हाताकडे बघते. ती काढायला मी सांगलीत डॉक्टर शोधत होते तेव्हा आपल्या भागातल्या एखाद्या बाईचा मराठीत लिहिलेला अनुभव मला सापडला नाही. सापडला असता तर माझे चार महिने आणि बरेच पैसे वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. रोजच्या रोज नोंद करायची सवय हाडात मुरलेली आहे. त्यामुळे या काडीचीही माझ्याकडे वही आहे. पुढचे आकडे तिच्यातलेच.

काडी बसवली ती सांगलीत नाही, इंग्लंडमध्ये. नवऱ्याच्या कंपनीचं काम लेस्टरला होतं आणि आम्ही अडीच वर्षं तिथे होतो. मार्च २०२१ मध्ये मुलगी झाली. कोरोनामुळे आईला येता आलं नाही, बाळंतपण आम्ही दोघांनीच निभावलं. दवाखान्यातून घरी सोडतानाच तिथल्या दाईने विचारलं, पुढचं मूल लगेच नको असेल तर काय वापरणार? मला तो प्रश्न फार आवडला. आपल्याकडे हा प्रश्न बाईला एकटीला गाठून, शांतपणे, तिच्याच मताची वाट बघत कुणी विचारत नाही.

तिकडे पाळणा लांबवायची सगळी साधनं सरकारी आरोग्यसेवेत फुकट मिळतात. बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर मी दवाखान्यात गेले. बसवण्याआधी नर्सने वीसेक मिनिटं नुसते प्रश्न विचारले. स्तनात गाठ झाली होती का, लिव्हरचा आजार आहे का, कारण न कळता अंगावरून जातं का, फिटची किंवा टीबीची औषधं चालू आहेत का. शेवटच्या प्रश्नाला मी दचकले. कारण माझ्या चुलत सासऱ्यांना टीबी झाला होता, त्यांच्या गोळ्या मी स्वतः मेडिकलमधून आणलेल्या. तिने सांगितलं, टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे या काडीतलं हार्मोन शरीरात लवकर संपतं आणि काडी असूनही दिवस जाऊ शकतात. फिटच्या काही औषधांचंही तसंच. आपल्या भागात टीबी घरोघरी भेटतो, त्यामुळे बसवायची असेल तर ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपण होऊन सांगायची.

प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचं. ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या दंडाच्या आतल्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देतात. ते टोचतं तेवढंच दुखणं. मग जाड सुईच्या यंत्रातून काडी आत सरकवतात. टाका नाही. लगेच नर्सने माझंच बोट धरून काडी मला चाचपायला लावली, "लागते का?" लागली. चोवीस तास घट्ट पट्टी, आठवडाभर हिरवा-पिवळा डाग, आणि दिवस जाऊ नयेत म्हणून सुरुवातीचे सात दिवस वेगळी काळजी घ्यायची. एक छोटं कार्ड दिलं. कुठल्या हातात, कुठल्या तारखेला बसवली आणि कधी काढायची, ते त्यावर लिहिलेलं. ते कार्ड मी पासपोर्टसोबत ठेवलं. पुढे तेच कामाला आलं.

काडीत ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं. ते रोज थोडं थोडं रक्तात उतरतं, त्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो. माला-डीसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोनही असतं, हिच्यात नाही. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. माझ्या मुलीला मी चौदा महिने पाजलं, दूध कमी पडलं नाही.

आणि गुण? गुणाच्या बाबतीत मला एक शब्दही हातचा राखायचा नाही. हजार बायकांनी वर्षभर वापरली तर एखादीलाही दिवस जाणं कठीण. गोळ्या प्रत्यक्षात विसरत-आठवत घेतल्या जातात, तेव्हा शंभरातल्या सात-आठ जणींना वर्षभरात दिवस जातात. आणि रात्री तीनदा उठणाऱ्या, सकाळी डबा करून कामावर जाणाऱ्या बाईला रोजची गोळी विसरणं फार सोपं आहे. काडीला आठवण लागत नाही. नवऱ्याच्या मनाची तयारी लागत नाही. लग्नाआधीपासून पाळीत माझ्या पोटात एवढं दुखायचं की मी कॉलेजला दांडी मारायचे, ते दुखणं या तीन वर्षांत झालं नाही. मूल लहान असताना "आता पुन्हा तर नाही ना" ही धाकधूक दर महिन्याला होते. ती गेली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. नवऱ्याशी माझं वागणंही त्यामुळे मोकळं झालं.

आता दुसरी बाजू. ती आहे रक्ताची.

सुरुवातीचे सहा-सात महिने पाजत असल्यामुळे काहीच गेलं नाही. मग डाग सुरू झाले. २०२२ सालच्या माझ्या वहीत डागाचे दिवस मोजले तर १२८ भरतात. रक्त फार नाही. चमचाभर, कधी नुसता तपकिरी डाग. पण कधी येईल, किती दिवस राहील, काही नेम नाही. नर्सने हे आधी सांगितलेलं होतं. साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते, बऱ्याच जणींची उशिरा उशिरा येते, आणि साधारण पाच-सहा जणींत एकीला डाग लांबत राहतात. मी त्या शेवटच्या गटातली निघाले. कोण कुठल्या गटात जाणार हे बसवण्याआधी कुणालाच सांगता येत नाही.

लेस्टरमध्ये हे नुसतं कटकटीचं होतं. जून २०२२ मध्ये आम्ही सांगलीला घरी आलो आणि त्याला वेगळंच वळण लागलं.

आमच्या घरी चार दिवस पाळतात. स्वयंपाकघरात यायचं असतं, पण देवघरात नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. सासूबाईंनी कधी आवाज चढवला नाही, पण त्यांच्या मनात ते पक्कं आहे. पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं, "अडचण आहे का गं?" मी म्हटलं, "आई, डाग आहे नुसता." त्या गप्प झाल्या. पाचव्या दिवशी मी न्हाले, दिवा लावला. सातव्या दिवशी पुन्हा डाग. मग दिवा लावला तो चुकलं का? नव्याने चार दिवस मोजायचे का? त्यांनाही कळेना, मलाही कळेना. पाळी लपवून ठेवता येते, पण खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही, आणि खरं सांगायचं तर महिन्यातले पंधरा दिवस मी बाजूलाच.

त्या वर्षी गौरी आल्या. आमच्याकडे मुखवट्याच्या उभ्या गौरी असतात. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी त्यांना साडी नेसवली होती. निऱ्या मला छान जमतात, म्हणून ते काम माझं ठरलेलं होतं. दोन वर्षं परदेशात गेली, या वर्षी पुन्हा नेसवणार म्हणून मी आषाढातच साड्या काढून ठेवल्या होत्या. आवाहनाच्या सकाळी डाग. मी मुलीला घेऊन मागच्या खोलीत बसले. जाऊबाईंनी साडी नेसवली, चांगली नेसवली. खिडकीतून आरती ऐकू येत होती. काडी काढून टाकावी असं मला तीन वर्षांत एकदाच मनापासून वाटलं, ते त्या दिवशी.

कुठल्याही माहितीपत्रकात "अनियमित रक्तस्राव" असे दोनच शब्द असतात. ज्या घरात पाळी पाळतात तिथे त्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे बसवणाऱ्या प्रत्येक बाईने आधी स्वतःशी नीट विचार करून बघावं. पाळायचं की नाही हा ज्या त्या घराचा प्रश्न. मला स्वतःला ते पटत नाही. पण मी त्याच घरात राहते, आणि सासूबाईंनी माझ्या मुलीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं आहे.

मी सांगलीत एका डॉक्टर बाईंकडे तपासायला गेले. त्यांनी पोटाची सोनोग्राफी करून दुसरं काही कारण नाही ना ते बघितलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.८ आलं, म्हणजे बारापेक्षा किंचितच कमी. त्यांनी चित्र काढून सांगितलं की या हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, आणि मधेच कुठेतरी थोडं थोडं सुटतं. बीजच बाहेर पडत नाही, तेव्हा महिन्याच्या महिन्याला येते तशी ही पाळी नव्हे. आधी पाच दिवस मेफेनॅमिक ॲसिड हे पोटदुखीवरचं औषध, मग पाजणं बंद झालेलं असल्यामुळे तीन महिने पाळणा लांबवायच्या साध्या गोळ्या. गोळ्या होत्या तोवर डाग थांबले, संपल्यावर महिन्याभरात परत आले, पण आधीपेक्षा कमी. २०२३ मध्ये वहीत ७४ दिवस.

ते चित्र मी घरी आणून सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत बसल्या. पुढच्या वर्षीच्या गौरीला दोन दिवस राहिले असताना मला पुन्हा डाग दिसला. मी सांगायला गेले तर पुरणाची डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "हे औषधाचं आहे, पाळीचं नव्हे. तूच सांगितलंस ना? डोक्यावरून न्हाऊन घे आणि साड्या काढ." त्या वर्षी निऱ्या मी घातल्या.

वजन तीन वर्षांत चार किलो वाढलं. ते काडीचं की सांगलीच्या भडंगाचं आणि बैठ्या कामाचं, ते मी ठरवू शकत नाही. चेहऱ्यावर पहिल्या वर्षी पुटकुळ्या आल्या, मग गेल्या. काही जणींचं डोकं दुखतं, काही जणींचं मन उदास होतं असं सांगतात. मला तसं झालं नाही.

खरा मनस्ताप झाला तो काढताना.

कार्डावर मे २०२४ ची तारीख होती. तेव्हा कागदावर तिची मुदत तीन वर्षं होती. पाच वर्षांपर्यंतही ती काम करत राहते असं अभ्यासांत दिसलं आहे, पण मला मुदतीतच काढायची होती. मार्चपासून विचारायला लागले. पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "आम्ही हे बसवत नाही. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडूनच काढून घ्या." ज्यांनी बसवलं त्या विमानाने दहा तासांवर! दुसऱ्या ठिकाणी त्यांनी दंडाला हातही न लावता सर्जनकडे पाठवलं. सर्जनच्या दवाखान्यात सांगितलं की आधी एमआरआय, मग पूर्ण भूल, एक दिवस ॲडमिट, सगळे मिळून अठरा हजार. माझ्या बोटाला स्पष्ट लागणाऱ्या काडीसाठी! तिन्ही ठिकाणी माझी एकच विनंती होती, आधी हात लावून तरी बघा. तपासणीची फी तिन्ही ठिकाणी घेतली, दंड कुणी चाचपला नाही. ज्या गोष्टीची माहिती नाही ती "माहिती नाही" म्हणून सांगितली तर त्यात कमीपणा काय? त्याचा मला अजून राग येतो.

ही तक्रार जुनी आहे, असं पुढे वाचनात आलं. १९८३ मध्ये पहिल्यांदा परवानगी मिळालेल्या नॉरप्लांट नावाच्या जुन्या इम्प्लांटमध्ये एक-दोन नव्हे, सहा नळ्या असायच्या. त्या काढताना बायकांचे अतोनात हाल व्हायचे. आता एकच काडी, तीत बेरियम घातलेलं, म्हणजे हाताला लागली नाही तर साध्या एक्स-रेत दिसते. वस्तू सुधारली. काढणारा माणूस जवळ असणं, हे मात्र अजून आपल्यालाच बघावं लागतं.

शेवटी ऑफिसमधल्या एका काकूंनी मिरजेच्या डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. मिरजेला रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या लांबून येतात ते उगाच नाही. मॅडमनी कार्ड बघितलं, दंडावरून बोट फिरवलं. "ही काय, लागते की हाताला! ह्याला कसला एमआरआय?" जागेवरची भूल, दोन-तीन मिलिमीटरची चीर, एका टोकाने काडी दाबली की दुसरं टोक चिरेतून वर येतं, ते चिमट्याने धरून ओढायचं. टाका नाही, चिकटपट्टी. मी घड्याळ बघितलं, बारा मिनिटं. त्याच दिवशी दुपारी मी ऑफिसला होते. आज तिथे तांदळाएवढी खूण आहे.

आता पैसे. बसवायला शून्य, पण आम्ही व्हिसासोबत आरोग्याचा अधिभार भरलेला होता, हेही सांगायला हवं. सांगलीतला खर्च असा: दोन वर्षांत जास्तीची पॅडं २,८८० रुपये, तपासणीच्या दोन फिया १,०००, सोनोग्राफी १,२००, औषधं ६४०, दिवस गेल्याची शंका आली म्हणून घरी केलेल्या तीन टेस्ट १८०, ज्यांनी काढली नाही त्यांच्या फिया १,४००, आणि मिरजेला काढण्याचे ३,२००. बेरीज १०,५००. अडतीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला २७६ रुपये पडतात. मला हे महाग वाटत नाही. पण जिला काडीही विकत घ्यावी लागेल, तिने तिची किंमत, बसवण्याची फी आणि काढण्याची फी असे तीन आकडे वेगवेगळे विचारावेत, आणि तिसरा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावा.

आपल्याकडे २०२३ पासून सरकारने काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत ही काडी मोफत द्यायला सुरुवात केली आहे. तांबी मात्र सरकारी दवाखान्यात आजही फुकट बसते, एक प्रकार दहा वर्षं चालतो, आणि मुख्य म्हणजे ती काढणारं माणूस तालुक्याच्या गावीही मिळतं. पाळणा लांबवायचं 'अंतरा' नावाचं इंजेक्शनही फुकट, पण दर तीन महिन्यांनी जावं लागतं, आणि बंद केल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात. काडीचं तसं नाही. काढल्यावर आठवड्याभरात हार्मोन अंगातून जातं. मला पाचव्या आठवड्यात नेहमीसारखी पाळी आली, पोटदुखीसकट.

मी गुण देणार ते दोन. काडीला पाचातले चार. सांगली-मिरजेत ती घेऊन राहण्याच्या सोयीला पाचातले दोन, आणि ते दोन्ही मिरजेच्या मॅडमचे.

हे लिहायला बसण्याचं आणखी एक कारण आहे. माझी नणंद साताऱ्याला असते, नवरा फौजेत. तिला डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठते, म्हणून डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या नको सांगितल्या. तांबीने तिच्या अंगावरून फार जायचं, काढावी लागली. तिने विचारलं, "वहिनी, तू खरं सांग, बसवू का?" मी तिला वही वाचायला दिली, १२८ दिवसांसकट. पुण्यातल्या डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारायला लावल्या, तुम्ही स्वतः किती काढल्या आहेत आणि काढायचे किती घेता. दोन्हीची उत्तरं सरळ मिळाली. पुढच्या मंगळवारी ती बसवून घेणार आहे, मी सोबत जाते आहे.

काल जेवताना मी सासूबाईंना म्हटलं, तिच्या घरीही फार कडक पाळतात, तिचं कसं होणार? त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "विहीणबाईंना मी फोन करते. ते चित्र कुठे ठेवलंयस, तेवढं काढून दे."